आदर्श राष्ट्राच्या तीन कसोट्या : येवल्याची वाट

जगातले कोणते राष्ट्र आदर्शाच्या सर्वांत जवळ आहे, हे ठरवायचे तर आधी कसोटी ठरवावी लागते. दरडोई उत्पन्न मोजले की एक यादी तयार होते, लोकांचे समाधान मोजले की दुसरी, शहरांची टापटीप पाहिली की तिसरी. या याद्या उपयोगी असल्या तरी राष्ट्र कोणासाठी असते आणि त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला तिथे काय मिळते, हा मूळ प्रश्न त्यांत मागे राहतो. या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी महाराष्ट्रात एक फार बोलके ठिकाण आहे. नाशिक जिल्ह्यातील येवला या तालुक्याच्या गावी स्वातंत्र्य, श्रमाचे मोल आणि माणसामाणसांतली समता या तीन कसोट्या एकाच फेरीत समोर येतात. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. पैठणीचे माग आजही इथे चालतात. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच.

गावाची वाट

येवला नाशिक जिल्ह्याच्या पूर्व अंगाला आहे. नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता आहे. हाच रस्ता पुढे वैजापूरकडून छत्रपती संभाजीनगरला जातो. उत्तरेकडून मनमाड आणि दक्षिणेकडून कोपरगाव, शिर्डी, अहिल्यानगर यांना जोडणारा महामार्ग गावातल्या विंचूर चौफुलीवर या रस्त्याला छेदतो. दौंड-मनमाड लोहमार्गावर येवल्याचे स्वतःचे स्थानक आहे. शिर्डीला जाणारे असंख्य प्रवासी या चौफुलीवरून पुढे निघून जातात. गावात शिरणारे त्या मानाने थोडे.

मनमाडकडून येताना अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले लागतात. टंकाईच्या पायथ्याशी तीर्थंकरांच्या मूर्ती आणि कोरीव द्वारपट्ट्या असलेली जैन लेणी आहेत. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान मानले जाते. दोन वेगळ्या परंपरांनी एकाच खिंडीच्या दोन बाजूंना आपापली श्रद्धास्थाने उभी केली आणि ती शतकानुशतके शेजारी नांदली. तालुक्याचा हा उत्तर-पूर्व पट्टा अवर्षणग्रस्त आहे. ममदापूर-राजापूरच्या माळरानावर काळविटांचे कळप दिसतात आणि त्यांच्यासाठी संवर्धन क्षेत्र राखलेले आहे. जिथे पालखेड कालव्याचे पाणी पोचते तिथे कांदा, मका आणि भाजीपाल्याची शेती दिसते. जिथे ते पोचत नाही तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एकाच तालुक्यातली ही विषमता प्रवाशाच्या नजरेतून सुटत नाही.

गाव म्हणून येवल्याची ओळख दोन सणांनीही घडली आहे. भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवशी सारे येवला गच्चीवर असते. पतंगाचा मांजा इथे आसारीवर गुंडाळतात. लाकडी दांड्याची ही आसारी फिरवण्याची हातोटी लहानपणापासून अंगवळणी पडते, आणि कोणाचा पतंग कापला की हलगीचा ताल घुमतो. रंगपंचमीला दोन्हीकडून रंगाच्या पिंपांनी भरलेली वाहने समोरासमोर येतात आणि रंगांचे सामने होतात. या दिवसांत आळ्या आणि जाती यांच्यातल्या रेषा तेवढ्यापुरत्या पुसट होतात. त्या कायमच्या कशा पुसता येतील, याचा विचार याच गावात एका परिषदेने केला होता.

पहिली कसोटी : स्वातंत्र्य

तात्या टोपे यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. त्यांचा जन्म १८१४ च्या सुमारास येवल्याचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावांना कानपूरजवळ ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर इथे नेऊन ठेवण्यात आले. त्यांच्या आश्रितांबरोबर तात्यांचे कुटुंबही तिकडे गेले. बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांच्याबरोबर वाढलेले तात्या १८५७ च्या उठावात त्यांचे प्रमुख सेनानी झाले.

कानपूर, काल्पी आणि ग्वाल्हेर या तीन ठिकाणांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्यासह त्यांनी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर घेतले. त्याच महिन्यात राणी धारातीर्थी पडल्या आणि ग्वाल्हेर हातचे गेले. त्यानंतर सुमारे दहा महिने तात्यांनी राजपुताना, माळवा आणि नर्मदाकाठ यांत इंग्रजी पलटणींना झुलवत ठेवले. ना कायमचा खजिना, ना कायमचा तोफखाना, ना किल्ला, अशा स्थितीत गनिमी काव्याच्या जोरावर चाललेली ही मोहीम लष्करी इतिहासात आजही अभ्यासली जाते. अखेर ज्याच्या आश्रयाला ते गेले होते त्या मानसिंगानेच विश्वासघात केला आणि ७ एप्रिल १८५९ रोजी ते पकडले गेले. लष्करी न्यायालयापुढे त्यांनी आपण धन्याच्या आज्ञेने लढलो असे ठामपणे सांगितले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी इथे त्यांना फाशी देण्यात आले. येवल्यात त्यांची स्मृती अभिमानाने जपली जाते.

आदर्श राष्ट्राची पहिली अट स्वातंत्र्य, हे तात्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. दुसऱ्याच्या हुकमतीखाली असलेला देश कितीही सुव्यवस्थित असला तरी त्याला आदर्श म्हणता येत नाही. मात्र १८५७ चा लढा मुख्यतः गमावलेली राज्ये आणि गाद्या परत मिळवण्याचा होता. राजा स्वदेशी झाला म्हणून रयतेतला प्रत्येक माणूस आपोआप स्वतंत्र होत नाही. प्रजेतला माणूस नागरिक होण्यासाठी आणखी काहीतरी लागते, आणि ते काय, याचा उलगडा येवल्याच्या पुढच्या दोन ठिकाणी होतो.

दुसरी कसोटी : श्रमाचे मोल

येवल्याची पेठ वसवण्याचे श्रेय राघोजी नाईक यांना दिले जाते. रेशमी कापड विणणाऱ्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना त्यांनी सवलती देऊन इथे वसवले. पुढे पेशवाईत या धंद्याला राजाश्रय मिळाला आणि ठरावीक घराण्यांनाच रेशीमकामाची मक्तेदारी होती. इंग्रजी अमलात ही मक्तेदारी संपली आणि मग धंदा इतरांना खुला झाला. पैठणीचे नाव गोदाकाठच्या पैठणवरून पडले असले तरी आज तिचे सर्वांत मोठे उत्पादन येवला आणि नागडे, बल्हेगाव यांसारख्या भोवतालच्या गावांत होते. खत्री, कोष्टी, साळी, मोमीन अशा विणकर समाजांबरोबर आता इतर अनेक समाजांतली तरुण मुलेही मागावर बसतात. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. येवल्याजवळ अंगणगाव इथे पैठणी पर्यटन केंद्रही उभे आहे.

पैठणीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. रेशमाची रंगाई होते, मग रहाटावर लड्या उकलून कांड्या भरल्या जातात आणि ताणा तयार करून तो मागावर चढवला जातो. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागापुढे बसतो. पायांनी पावड्या दाबल्या की ताण्याचे धागे वरखाली होतात, मधून धोटा जातो आणि फणीचा ठोका बसतो. ज्या पैठणीत काठ आणि अंग यांचे रंग पूर्ण वेगळे ठेवायचे असतात, तिथे दोन्ही काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक असे तीन धोटे चालवावे लागतात आणि प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवावा लागतो.

खरी कसोटी पदराची. जरीच्या जमिनीवर मोर, मुनिया, असावलीची वेल, बांगडीमोर, अजंठ्याचे कमळ असे नक्षीकाम उठवायचे असते. त्यासाठी प्रत्येक रंगाची वेगळी कांडी ताण्यावर लटकत ठेवलेली असते. मोराच्या मानेसाठी निळी, डोळ्यासाठी वेगळी, पिसाऱ्यासाठी आणखी दोन-तीन. विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजतो, हव्या तेवढ्याच धाग्यांतून एक कांडी नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत आणतो. एका ओळीत अशा कित्येक कांड्या फिरल्या की फणीचा एक ठोका पडतो आणि कापड केसाच्या जाडीइतके पुढे सरकते. धागा कुठेही मोकळा सोडलेला नसल्यामुळे अस्सल हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. ग्राहकाने पदर उलटा करून पाहावा, असे येवल्यातले विक्रेते स्वतःच सांगतात. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते. भरगच्च पदराची आणि अंगभर नक्षीची पैठणी पुरी होण्यास अनेक महिने लागतात.

पैठणीची किंमत हजारांपासून लाखांपर्यंत जाते. मागावर बसलेल्याच्या हाती पडणारी मजुरी मात्र त्या मानाने थोडी असते. बहुतेक विणकरांना रेशीम-जर स्वतः विकत घेणे परवडत नाही. मोठा व्यापारी किंवा मालक कच्चा माल देतो आणि नगावर मजुरी ठरते. कांड्या भरणे, रेशीम उकलणे ही घरातल्या बायकांची कामे बहुधा हिशेबातच धरली जात नाहीत. यंत्रमागावर झटपट निघणाऱ्या नकली पैठण्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि हातमागाचा भाव पाडतात. डोळे, पाठ आणि गुडघे झिजवून केलेल्या कामाचे रास्त मोल त्या हातांना मिळते का, ही आदर्श राष्ट्राची दुसरी कसोटी. संपत्ती किती निर्माण झाली याबरोबर ती कोणाच्या घरी गेली हेही मोजावे लागते.

तिसरी कसोटी : समता

येवल्याचे तिसरे ठिकाण मुक्तिभूमी. स्तूपाच्या घाटाची वास्तू, बुद्ध आणि डॉ. आंबेडकर यांच्या मूर्ती आणि विस्तीर्ण आवार असे तिचे आजचे रूप आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक इथे अभिवादनासाठी येतात.

१९३५ च्या त्या दिवशी इथे दलितवर्गाची परिषद भरली. सुमारे दहा हजार लोक जमले होते. मुंबई इलाख्याबरोबर हैदराबाद संस्थान आणि मध्य प्रांतातूनही प्रतिनिधी आले होते. परिषदेमागे आठ-नऊ वर्षांचा लढा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या स्थानिक नेत्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. सत्याग्रहींनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, गावोगावी बहिष्कार सोसला. पण मंदिराचे दार उघडले नाही.

येवल्याच्या व्यासपीठावरून बाबासाहेबांनी या साऱ्या प्रयत्नांचा आढावा घेतला. पाण्यासाठी आणि देवळासाठी एवढी किंमत मोजूनही माणुसकीचा साधा हक्क मिळत नसेल, तर ज्या व्यवस्थेत तो नाकारला जातो तिच्यात राहायचेच कशाला, असा प्रश्न त्यांनी समाजापुढे ठेवला. अस्पृश्य म्हणून हिंदू धर्मात जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, पण त्या धर्मात मरायचे की नाही हे आपल्या हाती आहे, आणि आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी केली. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवावा आणि समान दर्जा मिळवण्यासाठी शक्ती एकवटावी, असा ठराव परिषदेने केला.

ही घोषणा देशभर गाजली. महात्मा गांधींनी ती दुर्दैवी मानली. निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांनी निमंत्रणे पाठवली. बाबासाहेबांनी मात्र घाई केली नाही. मे १९३६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपले न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा असलेला समाज हाच आदर्श समाज, अशी मांडणी त्यात आहे. समाजाच्या एका भागात घडलेला चांगला बदल दुसऱ्या भागापर्यंत पोचायला वाटा मोकळ्या हव्यात, हा त्या मांडणीचा गाभा आहे. पुढे २१ वर्षांच्या अभ्यासानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट येवल्यातून निघते.

येवल्याच्या परिषदेने आदर्श राष्ट्राची तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी घालून दिली : ज्याला सर्वांत खाली ढकलले गेले आहे, त्याला या देशात माणूस म्हणून मान मिळतो का? आणि मिळत नसेल तर तसे उघड सांगण्याची, प्रसंगी नकार देण्याची मुभा त्याला आहे का?

मराठी प्रवाशांनी पाहिलेली राष्ट्रे

आदर्श राष्ट्राचा शोध मराठी माणसांनी परदेशातही घेतला आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. तिथल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, राज्यव्यवस्था आणि लोकांचा उद्योगीपणा यांचे वर्णन करणारे त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. राजा नसलेला, लोकांनी चालवलेला देश पारतंत्र्यातल्या वाचकांपुढे त्यांनी उभा केला. त्याच वेळी कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यांकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. अस्पृश्यतेचा जाच नसलेले जीवन त्यांनी तिथे प्रथम अनुभवले. परंतु त्या देशातही गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला परिणामकारक संरक्षण देणारा कायदा व्हायला १९६५ साल उजाडावे लागले. कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी १९४६ मध्ये बाबासाहेबांचा पत्रव्यवहार झाला, तो दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य ओळखूनच.

अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या, गिरणीत राबलेल्या या लेखकाला कामगाराच्या प्रतिष्ठेचे मोठे अप्रूप होते. श्रमाच्या कसोटीवर तो देश त्यांना आदर्शवत वाटला. पण मतभेद बोलून दाखवण्याचे स्वातंत्र्य तिथे नव्हते, आणि १९९१ मध्ये ती सारी व्यवस्था कोसळली. एक कसोटी पास होणारे राष्ट्र दुसरीत नापास होऊ शकते, हे या प्रवासवर्णनांतून दिसते.

आजची राष्ट्रे या कसोट्यांवर

मानव विकास निर्देशांक १९९० पासून प्रसिद्ध होतो. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजणाऱ्या या यादीत नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड हे देश सातत्याने अग्रभागी असतात. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून पहिल्या स्थानावर राहिला आहे. येवल्याच्या तीन कसोट्या लावल्या तरी उत्तर युरोपातले देशच पुढे येतात, मात्र त्याची कारणे या याद्यांपेक्षा अधिक खोल आहेत.

स्वातंत्र्याच्या कसोटीवर स्वीडनने १७६६ मध्येच वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा केला. नॉर्वेने १७ मे १८१४ रोजी, म्हणजे तात्या टोपे यांच्या जन्माच्या सुमारास, आपले संविधान स्वीकारले. फिनलंडने १९०६ मध्ये स्त्रियांना मतदानाबरोबर निवडणूक लढवण्याचाही हक्क दिला. श्रमाच्या कसोटीवर डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत सर्वांसाठी किमान वेतनाचा वेगळा सरकारी कायदा नाही. कामगार संघटना आणि मालक यांच्यातले करार वेतन ठरवतात आणि ते पाळले जातात. आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा भार समाज करांतून उचलतो. त्यामुळे हाताने काम करणाऱ्याला लाचार व्हावे लागत नाही.

समतेच्या कसोटीवर या देशांच्या इतिहासातही डाग आहेत. नॉर्वेच्या १८१४ च्या संविधानाने ज्यूंना देशात प्रवेश नाकारला होता. ते कलम १८५१ मध्ये रद्द झाले. उत्तरेकडील सामी या मूळ रहिवाशांची भाषा आणि संस्कृती मोडून काढण्याचे धोरण तिथे दीर्घकाळ चालले. स्वीडनमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९७० च्या दशकापर्यंत होता. स्वित्झर्लंडसारख्या जुन्या लोकशाहीत स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मतदानाचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडणाऱ्या भूतानमधून १९९० च्या दशकात एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोकांना नेपाळमधल्या छावण्यांत जावे लागले. सिंगापूरने बहुसंख्य लोकांना पक्की घरे दिली, पण वृत्तपत्रांना आणि विरोधकांना मोकळीक कमी ठेवली.

तरीही एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. नॉर्वेत सामींची निर्वाचित संसद १९८९ मध्ये सुरू झाली, आणि १९९७ मध्ये राजे हराल्ड यांनी राज्यसंस्थेच्या वतीने झालेल्या अन्यायाबद्दल सामींची क्षमा मागितली. अन्याय झाला हे कबूल करणे, पीडितांना स्वतःचा आवाज देणे आणि कायदा बदलणे ही या देशांची खरी कमाई आहे. केवळ थोडी लोकसंख्या आणि तेलाचा पैसा यांनी हे साधत नाही. तेल आणि पैसा असलेले पण नागरिकांना तोंड उघडू न देणारे देश जगात कमी नाहीत.

संविधानात लिहिलेले राष्ट्र

येवल्याच्या घोषणेनंतर १४ वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, भारताच्या संविधान सभेने संविधान स्वीकारले. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच डॉ. आंबेडकर होते. येवल्यातल्या तीनही कसोट्यांची उत्तरे या संविधानात सापडतात. अनुच्छेद १९ आणि २१ भाषण, संघटना आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांची हमी देतात. अनुच्छेद १५ विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई करतो. त्यामागे महाडचे तळे आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. अनुच्छेद २५ सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला देतो. त्यामागे काळारामाचे दार आहे. तोच अनुच्छेद धर्मस्वातंत्र्याची हमी देतो, म्हणजे येवल्यात उच्चारलेला नकारही कायद्याने सुरक्षित झाला. अनुच्छेद ४३ कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे आणि ग्रामीण भागात कुटीरोद्योग वाढावेत, असे राज्याला सांगतो. येवल्याच्या विणकराचे हित त्यात येते. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी न्यायालयात जाऊन थेट दाद मागता येत नाही.

या संविधानाच्या मर्यादाही बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात एक माणूस एक मत ही समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील; ही विसंगती लवकर संपवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होणार, असा प्रश्न विचारून जाती या राष्ट्रविरोधी आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बंधुतेशिवाय समता आणि स्वातंत्र्य टिकणार नाहीत, हे त्या भाषणाचे सार आहे.

या दिशेने महाराष्ट्रात आणि बाहेरच्या मराठी संस्थानांत आधीही पावले पडली होती. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. आदर्श राज्याचे हे छोटे छोटे प्रयोग मराठी माणसांनी आपल्याच देशात करून पाहिले होते.

निवाडा

तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर आजच्या जगात नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड ही राष्ट्रे आदर्शाच्या सर्वांत जवळ आहेत, असे म्हणावे लागते. तिथे नागरिक निर्भयपणे बोलतो, हाताने काम करणारा ताठ मानेने जगतो आणि दुबळ्यावरचा अन्याय दुरुस्त करण्याची वाट खुली आहे. त्यांची पुढची परीक्षा बंधुतेची आहे. वेगळ्या रंगाच्या, धर्माच्या आणि भाषेच्या स्थलांतरितांना ते आपले मानतात की नाही, यावर त्यांचे स्थान टिकेल.

भारताचा आदर्श लिखित स्वरूपात यांपैकी कोणत्याही देशापेक्षा कमी नाही. कारण तो शेकडो भाषांच्या, अनेक धर्मांच्या आणि हजारो जातींच्या देशासाठी लिहिला गेला आहे. तो व्यवहारात उतरायचा मात्र बाकी आहे. सांडपाण्याच्या गटारात उतरून माणसे अजून मरतात, आंतरजातीय विवाहांवरून अजून खून पडतात, आणि विणकराची मुले माग सोडून दुसरे काम शोधतात. हे जोवर चालू आहे तोवर भारताला आदर्श राष्ट्र म्हणवून घेता येणार नाही.

येवल्याला जाणाऱ्याने तीनही ठिकाणे जरूर पाहावीत. पैठणी घ्यायची असेल तर ती शक्यतो मागावर बसलेल्या विणकराकडून घ्यावी आणि घासाघीस न करता तिचे पुरते मोल द्यावे. मुक्तिभूमीवर गेल्यावर आपल्या गावातले पाणवठे, देऊळ आणि स्मशान सर्वांसाठी सारखीच खुली आहेत का, याचा विचार करावा. ज्या देशातल्या बहुसंख्य लोकांना या प्रश्नाचे उत्तर न अडखळता देता येईल, तोच देश आदर्श राष्ट्राच्या सर्वांत जवळ पोचलेला असेल.